जवारी ऐकू येईपर्यंत खर्च करा

घरी शास्त्रीय संगीत ऐकायला स्पीकर घ्यायचे आहेत, आणि तेही तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती गुंज, ऐकू येईल असे? मग पहिली गोष्ट, खोली मोजू नका. मोजलीत तर खरेदी तिथेच बारगळेल. दादर-पार्ल्याकडचा हॉल समजा १० बाय १२. त्यातून सोफा, शोकेस, चपलांचं कपाट आणि बाल्कनीचं दार वजा करा. उरते ती एका सतरंजीपुरती जागा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने १२ फुटांच्या अंतराने ४७ हर्ट्झला, १० फुटांच्या अंतराने ५६ला आणि साडेनऊ फुटांच्या छतामुळे ५९ला खोली स्वतःच घुमू लागते. काळी एक पट्टीतल्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर, लागतो ६९ला, म्हणजे अगदी शेजारी. डग्गाही त्याच वस्तीतला. थोडक्यात, गायक येण्याआधीच तुमच्या हॉलने आपला तानपुरा लावून ठेवलेला असतो, आणि तो बेसूर असतो.

म्हणून अशा हॉलसाठी फ्लोअरस्टँडरच, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे स्पीकरच, घ्यावेत. छातीएवढी उंची, एकेकाचं वजन चाळीस किलो, खालच्या स्वरांसाठी दोन-दोन आठ इंची वूफर. माहितीपत्रकात ‘२८ हर्ट्झपर्यंत’ असं लिहिलेलं हवंच. ख्यालाच्या मैफलीत साठाच्या फार खाली काही घडत नाही हे खरं, पण माइकच्या स्टँडला कुणाचा पाय लागला तर तो धक्का पोटात जाणवायला नको का? शिवाय बाहेर पायाभरणीचं यंत्र चालू असतं, त्याच्याशी साथसंगत होते.

सत्तरच्या दशकात बीबीसीने एलएस ३/५ ए नावाचा एक स्पीकर बनवला. बुटांच्या खोक्याएवढा. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, अगदी जवळ बसून, माणसाचा आवाज माणसासारखा येतो आहे ना हे तपासण्यासाठी. छोटी जागा, जवळचा श्रोता, मुख्य काम कंठाचं. इतका चपखल बसतो, म्हणून त्याचा विचारही करू नका. तो बघून पाहुणे विचारतील, ‘दुसरा मोठा कुठाय?’

आता डेमो. इथे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वतःचं रेकॉर्डिंग नेऊ नका. दुकानदार गिटार आणि फुटणारी काच ऐकवेल, तीच ऐका. संवेदनशीलता ८६ डेसिबल असलेली जोडी आणि ९०ची जोडी एकाच बटणावर वाजवली की दुसरी ४ डेसिबल मोठी वाजते आणि लगेच ‘मोकळी’, ‘खुली’ वगैरे वाटते. दोन्हींची पातळी सारखी करायला सांगणारं गिऱ्हाईक दुकानदाराला आवडत नाही. तुम्ही आवडते व्हा.

चुकून विलंबित ख्याल लावलाच, तर तानपुऱ्याच्या चार तारा वेगळ्या ओळखू येतात की मागे नुसता गिरणीचा पट्टा चालल्यासारखं वाटतं, इकडे लक्ष देऊ नका. हार्मोनियम थांबल्यावर जवारी परत वर येते का, तबल्याची चाट आणि लव यांत फरक कळतो का, डग्ग्याची मींड खाली उतरते की एकाच जागी ‘धम्म’ होते, हे तर मुळीच तपासू नका. गायिकांचा तार सप्तकातला ‘आ’कार विशेष टाळा. वूफर आणि वरचे स्वर वाजवणारा ट्वीटर यांची वाटणी बहुधा दोन ते तीन हजार हर्ट्झच्या दरम्यान होते आणि आवाजाची धार नेमकी तिथलीच. सांधा कच्चा असला तर तान अर्ध्यावर घर बदलते. हे दुकानात कळलं तर घ्यायला दुसरा स्पीकर शोधावा लागेल; घरी कळलं तर निदान ‘दोनशे तास वाजू द्या, मोकळा होईल’ हे उत्तर मिळतं. परत करायची मुदत त्याआधी संपते, हा योगायोग.

ट्वीटर मात्र चाळीस हजार हर्ट्झपर्यंत जाणारा हवा. तुमच्या संग्रहातल्या १९२५च्या आधीच्या तबकड्या कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या आहेत, तीन हजारांच्या वर तिथे फारसं काही नाही. मीडियम वेव्हवरून कॅसेटवर उतरवलेल्या मैफली पाच हजारांच्या आसपास संपतात, आणि तुमचे कान पन्नाशीत बारा-चौदा हजारांना. उरलेलं सगळं सोसायटीच्या मांजरीसाठी. १९७७ साली नासाने गायिका केसरबाई केरकरांची भैरवी व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात पाठवली, तेव्हा कार्ट्रिज आणि सुई सोबत दिली, तबकडीचा वेगही कळवला. स्पीकरची शिफारस नाही. असला निष्काळजीपणा तुम्ही करू नका.

‘अगदी समोर बसून ऐकल्यासारखं हवं’ असं सांगताना कुठल्या सभागृहातलं समोर, ते मात्र सांगू नका. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर १९८० साली उघडलं, ते माइकशिवाय ऐकू यावं या बेताने बांधलेलं. बाकी बहुतेक ठिकाणी समोर बसून जे ऐकू येतं ते मिक्सरवाल्याच्या मनातलं.

घरी आणल्यावर स्पीकर दोन्ही कोपऱ्यांत चिकटवा. मागे भोक असलेल्या स्पीकरला भिंतीपासून दोन-तीन फूट हवेत, पण तेवढ्यात मुलाचं अभ्यासाचं टेबल बसतं. कोपऱ्यात डग्गा फुगतो. त्याला ‘घुमारा’ म्हणा. ट्वीटर कानाच्या उंचीला असावा हा नियम सोफ्याचा, म्हणजे जमिनीपासून मीटरभर. तुम्ही बैठकीवर मांडी घालून ऐकणार असाल तर कान त्याच्या वीतभर खाली येतात आणि वरचे स्वर डोक्यावरून जातात. शास्त्रीय संगीताच्या बाबतीत घरच्यांना याची सवय आहेच.

बाजूच्या भिंतीवर कुणाला तरी आरसा सरकवायला सांगून, बसल्या जागेवरून ट्वीटर जिथे दिसेल तिथे जाड गोधडी टांगली तर आवाज एकदम सावरतो. पण गोधडीचं बिल कुणाला दाखवणार? त्याऐवजी केबल बदला. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा पाच मीटरचा जाऊन-येऊन रोध भरतो जेमतेम ०.०७ ओहम, आठ ओहमच्या स्पीकरपुढे एक टक्काही नाही. ही तार लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते, हाच तिचा दोष.

पावसाळ्याचं थोडक्यात: वूफरच्या कडेला फोम असेल तर दमट हवेत काही वर्षांत तो भुगा होऊन पडतो, रबर टिकतं. पंखा बंद केल्याशिवाय जवारी ऐकू येत नाही, आणि मे महिन्यात पंखा बंद केला तर ऐकणारा टिकत नाही.

एवढं करूनही गाणं पोकळ वाटलं, गायक दोन स्पीकरांच्या मधोमध न बसता खोलीभर पसरला आणि डग्गा नाहीसा झाला, तर एका स्पीकरची तांबडी-काळी तार उलटी लागलेली असू शकते. एक पडदा आत जातो तेव्हा दुसरा बाहेर येतो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. तपासायला पाच मिनिटं लागतात, खर्च शून्य. तेव्हा तपासू नका. नवा अँप्लिफायर बघा. जोडायला येणारा माणूस तारा सरळ लावून देईल, आणि फरक तुम्हाला पहिल्याच आलापात जाणवेल.