त्या ‘मावशीला चहा’वाल्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

सिस्टर, तुमची प्रतिक्रिया परवा नाईटला जाताना एसटीत वाचली, डोकं तापलं म्हणून लगेच काही लिहिलं नाही. आज ऑफ आहे, कपडे वाळत टाकले नि बसली लिहायला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की नर्स म्हणून नवीन दवाखान्यात गेलं की आधी मावशी-मामांशी, म्हणजे वॉर्डातल्या साफसफाईवाल्यांशी, ओळख करा, त्यांना आपल्यासोबत चहाला बसवा, आणि पहिल्या वर्षी सिनियरशी वाद घालू नका. त्यावर या सिस्टर म्हणतात, “तुम्ही परमनंट, म्हणून गोड गोड लिहिता. मी कंत्राटी, महिन्याला १४ नाईट माझ्याच नावावर. चहा पाजून नाईट कमी होतात का? हे जुळवून घेणं नाही, गुलामी आहे.”

नाईटचं तुमचं बरोबर आहे. ‘वाद घालू नका’ हे मी लिहायलाच नको होतं, ती ओळ मागे घेते. मी स्वतः पहिली ३ वर्षं तोंड दाबून काढली आणि त्यालाच समजूतदारपणा म्हणत राहिली, लेखात तेच उतरलं.

पण चहाचं मात्र मी मागे घेणार नाही. काऊन ते सांगते.

निंदणाचे दिवस होते. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये साप चावलेला पेशंट म्हणजे रोजचंच समजा. एक बाई संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आली, पायाला दोन खुणा, साप कोणीच नीट पाहिला नव्हता. सूज नाही, पापण्या जड नाहीत. मग २० मिनिटांची टेस्ट लावतात, म्हणजे काचेच्या कोरड्या स्वच्छ ट्यूबमध्ये थोडं रक्त घ्यायचं, न हलवता २० मिनिटं ठेवायचं, मग तिरपी करून पाहायचं, रक्त गोठून जागेवर राहते का पाण्यासारखंच वाहते ते. नाही गोठलं तर घोणस-फुरशाचं विष रक्तात भिनलं असं धरून चालतात. इव्हनिंगच्या सिस्टरने ट्यूब लावली आणि तेवढ्यात ८ वाजले, मी नाईटला आली. आता आमचा दोघींचा ४ दिवसांपासून अबोला, कारण काय तर सुट्टीची अदलाबदली. तिने रिपोर्ट बुकात लिहिलं ‘टेस्ट लावली’, किती वाजता ते नाही. मी विचारलंही नाही. ती पर्स उचलून गेली नि मी घड्याळ पाहत बसली, कोणत्या वेळेपासून मोजायचं तेच माहीत नाही! फोन लावायचा तर मान आडवा आला, खोटं कशाला बोलू.

थोड्या वेळाने ट्यूब तिरपी केली, रक्त पातळच. डॉक्टरसाहेब सापाच्या विषावरच्या इंजेक्शनच्या १० व्हायल, म्हणजे बाटल्या, काढायला सांगतच होते, तेवढ्यात कोपऱ्यात पोछा मारत असलेली मावशी म्हणे, “बाई, ते नवी ट्यूब नोहे. सकाळी म्या निरम्यानं धुतलेल्यातली हाय.”

झालं. डिटर्जंटने धुतलेल्या काचेत चांगलं रक्तही नीट गोठत नाही, टेस्ट फसवते. नवीन ट्यूब काढली, भिंतीवरच्या घड्याळात पाहून २० मिनिटं बरोब्बर, आणि रक्त गोठलं. व्हायल लागल्या नाहीत, रात्रभर परत परत टेस्ट करत लक्ष ठेवलं, बाई ठीक राहिली. तुम्हाला माहीतच आहे, ते इंजेक्शन म्हणजे सलाईन नाही, रिअॅक्शन येते, अॅड्रिनालिन हाताशी भरून ठेवावं लागते, आणि स्टॉकमध्ये व्हायल किती असतात तेही आपल्यालाच माहीत.

आता मावशी बोलली कशी? याच मावशीला आधी एकीने सगळ्यांसमोर सुनावलं होतं, तुला काय समजते, झाडू मार. त्या बाईच्या ड्युटीत मावशी आजही तोंड उघडत नाही. माझ्याजवळ बोलली, कारण रोज चहाला शेजारी बसते, बस. यात गुलामी कोणाची झाली ते तुम्हीच सांगा.

आणि चुकली मी होती, ती सिस्टर एकटी नाही. तेव्हापासून अबोला असो की नसो, पेशंटच्या बेडजवळ उभं राहूनच चार्ज घेते-देते, काय चालू आहे, किती वाजता लावलं, पुढे काय पाहायचं, हे तोंडी आणि लेखी दोन्ही. भांडण असेल तर ते चेंजिंग रूममध्ये.

आता तुमच्या नाईट. ड्युटीचा चार्ट लागल्यावर जाऊन काही फायदा नसतो, इन्चार्ज सिस्टर मग हट्टालाच पेटतात. लागायच्या ८ दिवस आधी जा. मागच्या ३ महिन्यांच्या चार्टचे फोटो काढा, सगळ्यांच्या नाईट मोजून एका कागदावर लिहा, आणि ‘माझ्यावर अन्याय’ असं नाही, ‘माझ्या ४२ झाल्या, पुढच्या महिन्यात ४ कमी करता येतील का’ असं आकड्यात मागा. सगळ्यांसमोर नको, त्या एकट्या इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, लिहीत बसतात तेव्हा. नाहीच ऐकलं तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज, आवकचा नंबर घ्या, पोच स्वतःजवळ ठेवा. पण इन्चार्जला आधी सांगून द्या की मी अर्ज देऊन राहिली. पाठीमागून गेलेलं त्या विसरत नाहीत.

कंत्राटीची ऑर्डर पुढे मिळेल की नाही ही भीती मला कळते, त्याच्यावर माझ्याकडे पक्कं औषध नाही. दोघी-तिघींनी मिळून सही केली तर एकटीवर येत नाही, एवढं पाहिलेलं आहे.

एक गोष्ट मात्र जुळवून घ्यायच्या यादीत कधीच धरू नका. कोणी अंगचटीला येत असेल, घाणेरडं बोलत असेल तर तिथे चहाबिहा काही नाही. २०१३ चा कायदा आहे, १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच पाहिजे, त्यापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि तक्रार ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची.

तुमचा पुढचा चार्ट कधी लागते ते सांगा. फोटो काढून ठेवले असतील तर मोजायला मी मदत करते, रविवारपर्यंत माझ्या मॉर्निंग आहेत, दुपारी ३ नंतर मोकळी असते.