हॅनिंगवर सगळं सोडू नका

‘शंका आली की हॅनिंग विंडो लावा’ हा यंत्रांची कंपनं मोजण्यावरच्या लेखातला सल्ला (विंडो म्हणजे विश्लेषणाआधी सिग्नलच्या तुकड्याला दिलेला आकार; हॅनिंग त्याच्या दोन्ही कडा शून्यावर आणतं) रोजच्या तपासणीला ठीक आहे, पण बॅलन्सिंगला, म्हणजे फिरत्या भागाचा तोल साधायला, बसलात तर गोत्यात याल. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ब्लोअरची मोटर १४७० आरपीएमची, म्हणजे २४.५ हर्ट्झ. माझ्या अ‍ॅनलायझरवर (कंपन वारंवारतेनुसार मांडणारं उपकरण) आलेखाच्या रेषा दर १ हर्ट्झला, त्यामुळे शिखर नेमकं दोन रेषांच्या मधोमध. अशा वेळी हॅनिंग उंची १५ टक्क्यांनी कमी दाखवतं. ५.९ मिमी प्रति सेकंद वाचलं, फ्लॅटटॉप (शिखराची उंची अचूक दाखवणारी विंडो) लावल्यावर ७. मालक म्हणाले, “मशीन बदललासा काय?”

अर्थात फ्लॅटटॉपची शिखरं जाडी असतात. त्याच मोटरचं चौपट वेगाचं ९८ आणि विजेच्या ५० हर्ट्झच्या दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झ त्यात एक होऊन जातं, तिथं परत हॅनिंगच, तेही रेषा वाढवून. आणि हातोडीच्या टेस्टबद्दल (ठोका मारून मशीन कोणत्या वारंवारतेला घुमतं ते बघणं) लेखात एक ओळही नाही! ठोका रेकॉर्डच्या सुरुवातीलाच असतो आणि हॅनिंग सुरू होतं शून्यापासून, म्हणजे ठोकाच पुसला जातो. तिथं आयताकृती विंडो (सिग्नल आहे तसाच ठेवणारी) ठेवायची. मी हे शिकेपर्यंत अर्धा दिवस नुसता बेस ठोकत बसलो होतो.