बंद फ्लॅटमधल्या चोरीनंतर तुम्ही दिलेल्या एका स्टारबद्दल

नमस्कार ताई,

आमच्याकडून लॅच आणि दोन कॅमेरे बसवून आठ महिने होत नाहीत तोच घर फोडलं, कॅमेऱ्यात काहीच मिळालं नाही आणि "चोरी झाल्यावर दुकानदार दोन दिवस फिरकला नाही", असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या आईंच्या पाटल्या गेल्या हे कळलं तेव्हा मलाही जेवण गेलं नाही. मी बसवलेल्या लॅचच्या दारातून चोर आत गेला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण "दोन दिवस फिरकला नाही" हे फार लागलं. तेवढं मला सांगू द्या. तुमचा फोन शनिवारी रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी आला. दुकान साडेआठला बंद झालं होतं, मी जेवायला बसलो होतो, तरी लगेच उचलला. दाराला, कपाटाला हात लावू नका, आधी ११२ ला फोन करा, हेच मी पहिल्यांदा बोललो. पंचनामा आणि बोटांचे ठसे व्हायच्या आत मी लॅच बदलली असती तर पुरावाच गेला असता. साडेदहाला माझा मुलगा तुमच्याकडे आला. पोलिसांना विचारून, फुटलेल्या भागाला धक्का न लावता, त्याने दाराला वरच्या बाजूला आतून कडी ठोकून दिली, तुम्हाला रात्री झोप लागावी म्हणून. तिचे पैसे घेतले नाहीत आणि हे सांगायचंही नव्हतं. रविवारी ठसेवाले येऊन गेले. चार वाजता तुमचाच मेसेज आला, आज घरात माणसं आहेत, उद्या या. सोमवारी दहाला मी दारात होतो. मग दोन दिवस कुठले झाले, ताई? तो मेसेज मी इथे टाकणार नाही, तुमच्याही फोनमध्ये असेल.

आता लॅचबद्दल. लॅच तुटलेली नाही. सोमवारी आपण दोघांनी पाहिलं, तिचा बोल्ट बाहेर आलेला, जसाच्या तसा. फुटलं ते चौकटीचं लाकूड. कटावणीच्या जोराने, बोल्ट ज्यात अडकतो ती चौकटीवरची पट्टी स्क्रूसकट उपटून आली. बिल्डरने लावलेली चौकट हलकी आहे, आणि पाकिटात आले ते पाऊण इंचाचे स्क्रूच आमच्या माणसाने मारले. तिथे तीन इंची हवे होते. ही चूक आमची, ती मी नाकारत नाही.

कॅमेऱ्यांचं मात्र वेगळं आहे. गावाला निघताना तुम्ही मेन स्विच बंद केलात. सगळेच करतात, माझी आईही करायची. पण त्याने कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आणि वायफाय तिन्ही बंद पडतात. बसवताना हे तोंडी सांगितलं होतं, लिहून दिलं नव्हतं.

बावीस वर्षं हे काम करतोय, फोडलेली दारं पुष्कळ पाहिली. सूर्यास्तानंतरच्या घरफोडीला कायद्यात शिक्षा जास्त आहे, पण मला बोलावणं येतं ते बहुतेक भरदुपारी फोडलेल्या घरांचं. शेजारी कामावर, वॉचमन गेटवर, आणि माणसं घरात नाहीत हे दारच सांगत असतं. तुमच्या दाराच्या हँडलला शुक्रवार-शनिवारच्या दुधाच्या पिशव्या लटकत होत्या, उन्हाने एक फुगलेली, खाली दोन पेपर. माझ्या मुलाने त्या पाहिल्या आणि घरी येऊन पहिलं तेच सांगितलं. दोष देत नाही. लग्नाच्या गडबडीत दूध बंद करायचं कुणाच्या लक्षात राहतं? पण चोर कुलपाआधी अशाच खुणा बघत फिरतो, हे बाकीच्यांनाही कळावं म्हणून लिहिलं.

नाशिकमध्ये आमचं दुकान लोकांच्या शब्दावर चालतं. हा एक स्टार पडल्यापासून दोन जणांनी ठरलेलं काम थांबवलंय. चौकटीला आतून लोखंडी पट्टी आणि तीन इंची स्क्रू लावून देतो, एक रुपया नको. बाकी कामातही सुधारणा करतोच आहोत. बुधवारी मुलगा येईल, निघायच्या आधी फोन करेल. रिव्ह्यू काढू नका, पण ते दोन दिवसांचं वाक्य तेवढं बदलता आलं तर बघा.