प्रतिक्रियेला उत्तर: मॅडिसनच्या गॅरेजमधले नऊ दिवस

नमस्कार. अमेरिकेतल्या मॅडिसन महापालिकेच्या गॅरेजवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की युनियनला कारभारात घेतलं की शिस्त जाते आणि गाडी शेवटी पगारावरच येते. कामं वेळेत हवी असतील तर कडक साहेब नेमावा, असंही तुम्ही म्हणता. पगाराबद्दल तुमचं बरोबर आहे. पगार, बढती, शिस्तभंगाची प्रकरणं कराराच्या टेबलावरच राहावीत. कामगार आणि प्रशासन मिळून बसतात त्या सुधारणेच्या समितीत ती शिरली, की समिती मोडलीच म्हणून समजा.

पण कडक साहेबाने तिथे काय केलं असतं? जोसेफ सेन्सेनब्रेनर 1983 ते 1989 या काळात विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचे महापौर होते. गॅरेजमध्ये आलेली गाडी तेव्हा सरासरी 9 दिवस अडकायची. मेकॅनिकांनी स्वतः नोंदी ठेवल्या, तेव्हा दिसलं की पार्ट नाही म्हणून गाड्या पडून राहतात. पार्ट का नाही? 765 गाड्या-यंत्रांत मेक, मॉडेल धरून 440 प्रकार! एवढ्यांचा साठा कोण ठेवणार? आणि इतके प्रकार झाले, कारण खरेदीच्या दिवशी जी सर्वांत स्वस्त, ती घ्यायची. (सर्वांत कमी दराची निविदा आपल्याला नवी नाही.)

हे बदलायला गेल्यावर स्टोअर खरेदी खात्याकडे बोट दाखवी, खरेदी खातं लेखा विभागाकडे, लेखा विभाग विधी अधिकाऱ्याकडे. विधी अधिकाऱ्याचं म्हणणं काय? वॉरंटी, देखभालीची सोय, पार्टची उपलब्धता, पुनर्विक्रीची किंमत हे सगळं निविदेच्या अटींत लिहा, काहीच हरकत नाही! अडथळा नियमात नव्हताच. धाकाने हे वर आलं नसतं. मेकॅनिक साठ्यात नसलेल्या पार्टची वाट पाहत बसले असते.

मेकॅनिक पोलिसांच्या गाडीत बसून गस्तीवरही गेले. इंजिनाचं ट्यूनिंग वेगवान पाठलाग गृहीत धरून होत होतं. गाडी मात्र बराच वेळ इंजिन चालू ठेवून जागेवरच उभी असे. नियमित देखभालीवरचा 1 डॉलर पुढच्या दुरुस्तीचे 7.15 डॉलर वाचवतो, असा हिशेब निघाला. 24 पायऱ्यांची खरेदी 3 पायऱ्यांवर आली, 9 दिवसांचे 3 झाले, आणि वर्षाला सुमारे 7 लाख डॉलर वाचले.

अशी सुधारणा फसते ती नोकरीच्या भीतीने. आपल्या सूचनेने आपलीच माणसं कमी होणार असतील, तर खरी नोंद कोण देईल? म्हणून तशी कपात होणार नाही, हे प्रशासनाने पहिल्या बैठकीआधीच लिहून द्यावं.

साहेब बदलण्याआधी तुमच्या पालिकेच्या वर्कशॉपमध्ये महिनाभर एवढंच करून बघा: प्रत्येक गाडीचे किती तास दुरुस्तीत गेले आणि किती पार्टची वाट पाहण्यात, हे मेकॅनिकांनाच लिहायला सांगा.