रेफरी काय बोलतोय ते आम्हाला ऐकू द्या

आपल्या जळगावच्या फुटबॉल ग्रुपवर दर शनिवार-रविवारी एकच भांडण चालू असतं, व्हीएआर, म्हणजे वेगळ्या खोलीत बसून रिप्ले बघून रेफरीला सांगणारा व्हिडिओ रेफरी, पाहिजे की नको. अर्धे म्हणतात फेकून द्या, गोल झाल्यावर मोकळं ओरडताही येत नाही, अर्धे म्हणतात मग काय मॅराडोनाने हाताने मारलेला गोल परत चालवून घ्यायचा का. मी दोन्हीकडचं वाचत होतो, आज सविस्तर लिहितोय कारण मला वाटतं दोन्ही बाजू भलत्याच गोष्टीवर भांडून राहिल्या. माझा राग मशीनवर नाहीच. माझा राग यावर आहे की फुटबॉलमध्ये निर्णय कोणी घेतला, काय बघून घेतला, हे तिकीट काढून आलेल्या माणसाला आणि रात्र रात्र जागणाऱ्या आपल्यासारख्यांना कोणी सांगतच नाही.

३० सप्टेंबर २०२३ ची टॉटनहॅम-लिव्हरपूल मॅच आठवा. आपल्याकडे रात्री दहाला होती, बऱ्याच जणांनी पाहिली असेल. ०-० असताना लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला, लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडा वर केला, म्हणजे पास निघताना तो डिफेंडरच्या पुढे होता, गोल नाही. व्हीएआरच्या खोलीत बसलेल्या डॅरेन इंग्लंडने रिप्ले पाहिला, डियाझ ऑनसाइड आहे हे त्याला बरोबर दिसलं, पण त्याला वाटलं मैदानावर गोल दिलेलाच आहे, म्हणून तो "चेक कम्प्लिट" म्हणून मोकळा झाला. मैदानावर रेफरीने त्याचा अर्थ घेतला की ऑफसाइड बरोबर आहे. खेळ सुरू. खोलीतल्या रिप्ले ऑपरेटरच्या लक्षात आलं, तो सांगत होता की अरे थांबवा, पण आता खेळ सुरू झाला, काही करता येणार नाही असं ठरलं. ९६ व्या मिनिटाला त्यांच्याच मॅटिपच्या ओन गोलने लिव्हरपूल मॅच २-१ हरलं.

आता हे आपल्याला कधी कळलं? रेकॉर्डिंग बाहेर आलं तेव्हा, तीन दिवसांनी, तेही लिव्हरपूलने मागून घेतलं म्हणून. विचार करा, तोच ऑडिओ लाइव्ह चालू असता तर? खोलीतून आवाज येतोय गोल बरोबर आहे आणि समोर रेफरी फ्री किक देतोय, अख्खं स्टेडियम तिथल्या तिथे ओरडलं असतं ना! कॅमेरा होता, माणूस होता, त्याला बरोबर दिसलंही होतं, फक्त बाकीच्या जगाला ऐकू येत नव्हतं. चूक तिथे झाली.

आणि ज्यांना वाटतं व्हीएआरच काढून टाका त्यांनी ११ जून २०२४ ची दोहामधली मॅच विसरू नये. मला ती रात्र अजून सहन होत नाही. आपला कॅप्टन सुनील छेत्री रिटायर झाल्यानंतरची भारताची पहिली मॅच, वर्ल्ड कप क्वालिफायर, कतारला त्यांच्या घरात हरवलं तर भारत पहिल्यांदा तिसऱ्या राऊंडमध्ये जाणार होता. छांगटेने ३७ व्या मिनिटाला गोल मारला, आपण १-० पुढे. जूनचा तो आपल्या खान्देशातला उकाडा, पावसाचा पत्ता नाही, लाइट जाऊन-येऊन, आम्ही सगळे गच्चीवर एका मोबाईलभोवती. ७३ व्या मिनिटाला कतारच्या युसूफ अयमनचा हेडर आपला गोलकीपर गुरप्रीतने अडवला, बॉल पोस्टच्या बाजूने गोललाइनच्या पूर्ण बाहेर गेला, गुरप्रीत खाली पडलेला, आणि हाशमी हुसेनने बाहेर गेलेला बॉल पायाने आत ओढला, अयमनने जाळ्यात ढकलला. कोरियन रेफरी किम वू-सुंग यांनी लाइन्समनला विचारून गोल दिला. आमचा एक काका जो वर्षातून मोजून चार मॅच पाहत असेल तोही उठून उभा राहिला, "बॉल ते भायेर गया व्हता ना भो!" साध्या मोबाईलच्या स्क्रीनवर गच्चीवर बसून दिसत होतं ते. त्या राऊंडला व्हीएआर नव्हता, पुढच्या राऊंडला होता. ८५ व्या मिनिटाला कतारने दुसरा मारला आणि आपण बाहेर. एआयएफएफने, म्हणजे आपल्या भारतीय फुटबॉल महासंघाने, तक्रार केली, चौकशी मागितली, पण मॅच काही परत मिळत नाही. ज्या पोरांनी तो अख्खा क्वालिफायर घाम गाळला त्यांना आजपर्यंत कोणी समोर येऊन सांगितलं नाही की त्या लाइन्समनने नेमकं काय पाहिलं होतं.

म्हणून मला व्हीएआर पाहिजेच, पण त्याच्या नावाने जो नको तेवढा बारीकपणा चाललाय तो नको. ऑफसाइड ठरवायला व्हीएआरवाले स्क्रीनवर ओढतात त्या रेषा घ्या. काखेचा केस पुढे म्हणून गोल रद्द. टीव्हीचा कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम घेतो. जोरात पळणारा फॉरवर्ड सेकंदाला आठ मीटर जातो. भागाकार करा, दोन फ्रेमच्या मध्ये तो १६ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. बॉल नेमका कोणत्या फ्रेमला पायावरून सुटला हे एक माणूस डोळ्याने ठरवणार, आणि मग रेषा ओढून सांगणार की अंगठा दोन सेंटिमीटर पुढे होता. हे गणित दहावीच्या पोराला पण पटणार नाही. कतारच्या वर्ल्ड कपमध्ये बॉलमध्ये सेन्सर टाकला, सेकंदाला ५०० वेळा सिग्नल देणारा, छताला १२ कॅमेरे लावले, तेव्हा कुठे त्या रेषेला काही अर्थ आला. सौदीविरुद्ध अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड गेले, वाईट वाटलं, पण अॅनिमेशन दाखवलं, पटलं, विषय संपला. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगने असलं काही आणायला एप्रिल २०२५ उजाडला. जगातली सगळ्यात श्रीमंत लीग! तोपर्यंत सहा सीझन हाताने रेषा ओढत बसले.

क्रिकेटमध्ये बघा, आपण सगळे डीआरएस पाहत मोठे झालो. थर्ड अंपायर बोलतो, आधी नो बॉल दाखवा, आता अल्ट्राएज दाखवा, आता बॉल ट्रॅकिंग. प्रत्येक पायरी कानावर पडते. घरात ज्यांना बाकी क्रिकेटशी घेणंदेणं नाही त्यांनाही अंपायर्स कॉल म्हणजे काय ते कळतं. निर्णय आपल्या विरुद्ध गेला तरी चिडचिड होते पण संशय येत नाही. हॉकीत पण व्हिडिओ अंपायरचं बोलणं ऐकू येतं. कबड्डीत टीम स्वतः रिव्ह्यू मागते. फक्त फुटबॉललाच एवढी कसली लाज? २०२३ च्या महिला वर्ल्ड कपला रेफरीने माइकवर निर्णय सांगितले, २०२५ मध्ये इंग्लंडच्या लीग कप सेमीफायनलला केलं, चांगलं आहे, पण तो फक्त निकाल. खोलीत काय चर्चा झाली, "क्लिअर अँड ऑब्व्हियस" चूक, म्हणजे व्हीएआरने मधे पडावं इतकी उघड चूक, कोणी कशी ठरवली, ते मॅच चालू असताना अजून बंदच. एका आठवड्यात तोच टॅकल रेड, दुसऱ्या आठवड्यात यलो, आणि दोन्ही वेळा खोली गप्प.

आपल्या आयएसएलचं, इंडियन सुपर लीगचं, तर काय सांगू. ३ मार्च २०२३, बंगळुरू विरुद्ध केरळा ब्लास्टर्स, प्लेऑफ, एक्स्ट्रा टाइम. बंगळुरूच्या छेत्रीने समोर डिफेंडरची वॉल लागायच्या आत पटकन फ्री किक मारली, गोल, आणि ब्लास्टर्सचा कोच वुकोमानोविचने अख्खी टीम मैदानाबाहेर नेली. नंतर ब्लास्टर्सला ४ कोटींचा दंड, कोचला १० मॅचची बंदी. छेत्रीचं म्हणणं, मी रेफरीला सांगितलं होतं की शिटी नको, वॉल नको. ब्लास्टर्सचं म्हणणं, आम्हाला थांबायला लावलं होतं. व्हीएआर असता तरी हा वाद सुटला नसता, कारण प्रश्न बॉल कुठे होता हा नव्हताच, रेफरी काय बोलला हा होता. त्याच्या तोंडाजवळ माइक असता तर कोटी-कोटीचा दंड, बंदी, वर्षभराची कटुता, यातलं बरंचसं टळलं असतं असं मला ठामपणे वाटतं.

आता आपल्याकडचं. खान्देशात तालुक्याच्या ठिकाणी ज्या सेव्हन-अ-साइड टुर्नामेंट होतात तिथे रेफरी म्हणजे बहुतेक वेळा कुठल्यातरी शाळेचे क्रीडा शिक्षक. फक्कीने आखलेली लाइन दुसऱ्या हाफपर्यंत वाऱ्याने अर्धी उडून गेलेली असते, लाइन्समन असला तर असला. आजकाल पोरं निर्णय पटला नाही की बोटांनी हवेत टीव्हीचा चौकोन करतात, आणि कडेला उभा असलेला कोणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ नेऊन सरांच्या तोंडापुढे धरतो. एका सामन्यात मी पाहिलं, सर शांतपणे म्हणाले, "मी इथे उभा होतो, मला मधे तुमचा डिफेंडर होता, मला हात लागलेला दिसला नाही, म्हणून दिला नाही." एवढंच. कॅप्टन दोन मिनिटं पुटपुटला आणि खेळायला गेला. लाखो पौंडांच्या खोलीत बसलेल्या माणसांकडून मला नेमकं हेच वाक्य पाहिजे.

आणि पैसे नाहीत हे कारण आता कोणी देऊ नये. फिफाने २०२४ मध्ये कोलंबियातल्या अंडर-२० महिला वर्ल्ड कपला फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट वापरून पाहिलं. वेगळी खोली नाही, व्हिडिओ रेफरींची फौज नाही. कोचकडे दोन रिव्ह्यू, मागितला की रेफरी स्वतः मैदानाच्या कडेला जाऊन स्क्रीन बघतो, रिव्ह्यू बरोबर निघाला तर शिल्लक राहतो, चुकला तर गेला. डीआरएस पाहणाऱ्या आपल्या लोकांना समजावून सांगायचीही गरज नाही. इटलीच्या तिसऱ्या डिव्हिजनने २०२५-२६ च्या सीझनला ते घेतलं. दोहाला हे असतं तर आपल्या कोचने त्या क्षणी हात वर केला असता.

एआयएफएफकडे मागायचं तर हे मागा, कमी कॅमेऱ्यात चालणारं, आणि सोबत रेफरीला माइक. मोठ्या व्हीएआरची वाट बघत बसलो तर अजून एक पिढी जाईल. ज्यांना पटत नाही त्यांनी खाली जरूर लिहा, का पटत नाही ते पण लिहा. फक्त किम वू-सुंग असो की आपले तालुक्याचे सर, रेफरीला आईवरून शिव्या देणारी कमेंट दिसली तर मी डिलीट करणार आहे.