एकटी बाई म्हणजे फॅमिली

"किती जण?"
"एक."
"एक?" असं म्हणून त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे कोल्ड्रिंकचा फ्रीज होता.
"वर फॅमिली आहे मॅडम. एसी आहे."

एप्रिलचा पहिला पंधरवडा आम्हा सीए मंडळींचा बँकांच्या शाखांच्या ऑडिटचा. या वर्षी माझ्या वाट्याला मराठवाड्यातलं एक जिल्ह्याचं गाव आलं, दोन मुक्काम. नाव सांगत नाही, कारण त्या गावाचा काही दोष नाही. असं कुठल्याही गावात झालं असतं आणि झालेलं आहे. दिवसभर एनपीएच्या, म्हणजे थकलेल्या कर्जांच्या, याद्या तपासल्या, एसी बंद, बाहेर ऊन असं की डांबर चिकटत होतं. संध्याकाळी एक गार बियर आणि सुकं मटण, एवढी साधी इच्छा. लॉजच्या खालीच परमिट रूम होती. गेले.

माझी फॅमिली त्या वेळी पुण्यात होती. नवरा घरी, मुलगी हॉस्टेलवर. पण काउंटरवरच्या माणसाच्या लेखी मी एकटीच अख्खी फॅमिली होते. परमिट रूमच्या भाषेत या शब्दाचा कुटुंबाशी संबंध नाही, हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. आजोबा, वडील, काका आणि दोन मुलगे एकत्र आले तर ते पाच जेंट्स, खाली बसतात. त्यांच्यात एक आत्या आली की सगळे मिळून फॅमिली होतात आणि जिना चढतात. आणि आत्या एकटी आली तरी फॅमिलीच.

वर प्लायवूडची सहा केबिन्स. प्रत्येकाला मरून पडदा, पडद्याला वर्षानुवर्षांच्या फोडणीचा वास आणि ज्या उंचीवर हात लागतो तिथे एक काळपट पट्टा. बेलचं बटण होतं, वाजत नव्हतं. वेटर पोरगा विशीतला असेल. पडद्याबाहेर उभा राहून आधी "मॅडम, येऊ?" म्हणायचा, मग खोकायचा, मग आत यायचा. इतकी अदब मला माझ्या क्लायंटकडेही मिळत नाही. त्याने बियर आणली, शेंगदाणे आणले आणि दोन ग्लास ठेवले.

"एकच ठेवा दादा."
"साहेब मागून येतायत ना?"
"नाही येत."
"असू द्या मॅडम." आणि दुसरा ग्लास तिथेच राहिला, उपडा, टिश्यू पेपरवर. पाऊण तास मी आणि न आलेले साहेब समोरासमोर बसलो होतो.

मटण उत्तम होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तेल जास्त, पण मसाला घरी कुटलेला आणि ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात. परमिट रूममध्ये असं जेवण मिळतं जे नंतर चकचकीत मॉलमधल्या हॉटेलात चौपट पैसे मोजून मिळत नाही. म्हणून तर मी जाते.

मग बिल आलं. धंद्याची सवय, मी बिल वाचते. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे परमिट रूमच्या बिलात दोन वेगळे संसार असतात: जेवणावर ५ टक्के जीएसटी, बियरवर व्हॅट. हा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ चा १० टक्के झाला. तिथपर्यंत सगळं बरोबर. पण बियरची मूळ किंमतच मला जास्त वाटली. जिना उतरताना खालच्या भिंतीवरचा दरफलक वाचला. तीच बियर, तीच बाटली, खाली तीस रुपयांनी स्वस्त. मला तो एसी नको होता. मी मागितलाच नव्हता. मी बाई असल्यामुळे मला वर पाठवलं आणि वर गेल्याबद्दल तीस रुपये लावले. याला आमच्या भाषेत अधिभार म्हणतात.

आता कायद्याचं बघा. महाराष्ट्र कागदोपत्री आजही दारूबंदीचं राज्य आहे. १९४९ चा कायदा आहे आणि त्यातून वाट काढायला परमिट आहे, म्हणून तर ती परमिट रूम. माझ्याकडे आजीवन परवाना आहे, १००० रुपये भरून रीतसर काढलेला. (एक दिवसाचा ५ रुपयांत मिळतो, पण कोण रोज फॉर्म भरणार.) बियरला २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला २५. वयाची अट आहे, बाई-पुरुषाची नाही. बाईने जिना चढावा असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

हे मी त्या पोराला ऐकवलं नाही. तो बिचारा काय करणार? मालकाचंही गणित मला कळतं. खाली कुणी चार पेग झालेला काहीतरी बोलला तर भांडण, भांडण झालं तर पोलीस, पोलीस आले तर लायसन्स. त्यापेक्षा बाईला वर पाठवणं सोपं. आणि मीही काही फार शूर नाही. मागे एकदा सोलापूरकडे, ज्या शाखेचं ऑडिट करत होते तिचा मॅनेजर मित्रांसोबत त्याच हॉटेलात शिरला, तेव्हा मी स्वतः उठून केबिनचा पडदा ओढून घेतला होता. त्या दिवशी मला तो पडदा देवासारखा वाटला. नंतर मात्र फार वाईट वाटलं, कारण मॅनेजरने पडदा ओढला नव्हता.

मराठी बारच्या शब्दकोशात बाईसाठी दोनच जागा आहेत, 'लेडीज बार' आणि 'फॅमिली'. पहिल्यात ती सर्व्ह करते, दुसऱ्यात ती कुणाची तरी असते. डान्स बारवरून २००५ पासून चौदा वर्षं कोर्टकज्जे चालले, त्यात सगळं बोलून झालं: नीती, रोजगार, संस्कृती. पण बाई बारमध्ये गिऱ्हाईक म्हणून येऊ शकते, पैसे देऊन, भूक लागली म्हणून, हा मुद्दा कुणाच्या डोक्यातच आला नसावा. कडक दारूबंदीच्या काळात मुंबईतले कितीतरी अड्डे 'आंटी' चालवायच्या. दारू विकणारी बाई तेव्हाही चालली. पिणारी मात्र पडद्याआड.

पण मला आता वाटायला लागलंय की प्रश्न फक्त बाईचा नाही. आपल्या हॉटेलांचा 'एक' या आकड्यावरच विश्वास नाही. माझ्या ऑफिसातला एक मुलगा, अत्यंत सज्जन, नवीन नोकरीचा पहिला पगार झाला म्हणून कोरेगाव पार्कातल्या एका पबमध्ये एकटाच गेला. दारावरच्या बाउन्सरने "स्टॅग एन्ट्री नाही", म्हणजे सोबत बाई नसलेल्या पुरुषाला प्रवेश नाही, म्हणून परत पाठवला. तो तिथून बाहेर पडला आणि कोपऱ्यावर अंडाभुर्जी खाऊन घरी आला. म्हणजे तिथे एकटी बाई असेल तर बुधवारी फुकट कॉकटेल आणि एकटा पुरुष असेल तर संशयित. इथे एकटा पुरुष राजा आणि एकटी बाई फॅमिली.

याला मोठा अपवाद खानावळीचा. कोल्हापुरात मी कुठेही एकटी जाऊन बसले तरी कुणी मान वर करून बघत नाही. बघायला वेळ कुणाला आहे? समोर ताट आलेलं असतं, तांबडा-पांढरा गार होत असतो. "एक मटण ताट" एवढं म्हटलं की माणसांची मोजणी संपते. खानावळ ताटं मोजते, माणसं मोजत नाही. मुंबईत दुपारच्या गर्दीत उडप्याकडे किंवा इराण्याकडे तर अनोळखी माणसाच्या समोर सरळ बसवतात. तुम्ही डोसा खाताय, समोरचा इडली, दोघांत एक चटणीचं भांडं, शब्द नाही. पुण्यात असं शेअरिंगला बसवलं की लोकांच्या कपाळावर आठ्या येतात, पण मला ती पद्धत फार सभ्य वाटते. चार खुर्च्यांचं टेबल रविवारी दीड वाजता एकट्या माणसाने अडवून ठेवू नये, हे मला मान्य आहे. मग समोर कुणाला तरी बसवा. जिना कशाला दाखवता?

(इराण्याकडेही पूर्वी फॅमिली रूम असायची, हे मला माहीत आहे. म्हणजे रोग जुना आहे.)

मागच्या वर्षी ऑडिट संपवून एप्रिलअखेर गोव्याला गेले होते. बार्देशातल्या एका गावात, देवळाच्या पुढच्या वळणावर, एक जुना ताव्हेर्न. तीन बाकं, एक फळी, फळीमागे सत्तरीची बाई, कॉटनचा झगा, चष्मा दोरीने गळ्यात. हुर्राकचा मोसम होता. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. फेणी वर्षभर मिळते आणि २००९ पासून तिला जीआय टॅगही, म्हणजे मूळ प्रदेशाची कायदेशीर ओळखही, आहे; हुर्राक बिचारी उन्हाळ्यापुरती, टिकत नाही, प्रवास करत नाही. त्या बाईने ग्लासात हुर्राक ओतली, वर लिम्का, मीठ, लिंबू आणि एक हिरवी मिरची उभी चिरून आत सोडली. मी 'एक' म्हटलं होतं, तिने एक ग्लास दिला. दुसरं काही विचारलंच नाही. शेजारच्या बाकावर दोघे जण फुटबॉलवरून भांडत होते, ते भांडत राहिले. तिसऱ्या घोटानंतर तिने मला झापलं, तेही मी एकटी आहे म्हणून नाही, तर रिकाम्या पोटी पितेय म्हणून. समोर चोरीस-पाव, म्हणजे डुकराच्या मांसाचं गोवन सॉसेज आणि पाव, आणून ठेवला. त्याचे पैसे घेतले, हेही सांगते; उगाच माया-बिया नव्हती.

दुसरी जागा लांबची. माझी मावसबहीण जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला असते. ती ऑफिसला गेली की मी ट्रेनने भटकायचे. कोलोनला कॅथीड्रल बघून पाय दुखले म्हणून 'फ्र्यू आम डोम' या जुन्या ब्रुअरीच्या बियरगृहात शिरले. तिथल्या वेटरला क्योबेस म्हणतात, निळा एप्रन, चेहऱ्यावर पुणेरी भाव. (ते उर्मटपणासाठीच प्रसिद्ध आहेत, मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.) त्याने लांब टेबलाच्या टोकाला, दोन म्हाताऱ्यांच्या शेजारी बोट दाखवलं. बसले. मी तोंड उघडायच्या आत समोर बियर. तिथे क्योल्श ही एकच बियर, ०.२ लिटरच्या उभट ग्लासात, म्हणजे आपल्या कटिंगसारखा प्रकार. ग्लास संपला की न विचारता दुसरा, आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या कोस्टरवर पेन्सिलची एक रेघ. बास म्हणायचं असेल तर कोस्टर ग्लासवर झाकायचा. हे मला माहीत नव्हतं. चौथ्या रेघेला शेजारच्या म्हाताऱ्याने काहीही न बोलता माझा कोस्टर उचलून ग्लासावर ठेवला.

मेनूत 'हाल्वे हान' दिसलं. बहिणीने शिकवलेल्या जर्मनच्या जोरावर मी अर्थ लावला: अर्धा कोंबडा. मागवला. राय पावाचा गोळा आला, त्यात चीजची जाड चकती, कांदा आणि मोहरीचा सॉस. कोंबडा औषधालाही नव्हता. कोलोनकरांचा हा जुना विनोद आहे म्हणे. मूळच्या सांगलीकर बाईला जर्मनीत चीज-पाव खायला लागला, यापेक्षा एकटेपणाचा दुसरा काही त्रास झाला नाही.

तिकडे सगळं सोनंच आहे असं मात्र समजू नका. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर 'एल व्हिनो' नावाचा वाइन बार, पत्रकार-वकिलांचा अड्डा. तिथे बायकांना काउंटरशी उभं राहून पिता येत नसे. त्यांनी मागच्या खोलीत टेबलापाशी बसायचं, तिथे आणून देऊ. म्हणजे फॅमिली सेक्शनच की! एक सॉलिसिटर आणि एक पत्रकार, अशा दोघी कोर्टात गेल्या. बारचं म्हणणं होतं, आम्ही दारू नाकारत नाही, फक्त जागा वेगळी देतो. १९८२ मध्ये अपील कोर्टाने बायकांच्या बाजूने निकाल दिला. हे वाचलं तेव्हा मला तो उपडा ग्लास आठवला. मी कोर्टात वगैरे जाणार नाही, तीस रुपयांसाठी तर नाहीच.

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा त्याच परमिट रूममध्ये गेले. काउंटरवर तोच माणूस.

"वर..."
"इथेच बसते अण्णा. एसी सोसत नाही मला."

तब्येतीचं कारण लागलं, बघा. पण चाललं. पंख्याखालचं भिंतीकडचं टेबल घेतलं. शेजारी दोघे जण कुणाच्या तरी पोरीच्या लग्नाबद्दल बोलत होते, ते गप्प झाले. एकाने खुर्चीच्या पाठीवर टाकलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेला हात खाली घेतला आणि सरळ बसला. मालकाने रिमोट घेऊन टीव्हीवरचं गाणं बदललं, बातम्या लावल्या. कालचाच पोरगा आला, बियर आणली, या वेळी एक ग्लास. दहा मिनिटांनी शेजारी पुन्हा बोलायला लागले: हुंडा नाही म्हणाले होते, आता गाडी मागतायत. तेवढ्यात मटण आलं आणि मीही त्यांच्याकडे लक्ष देणं बंद केलं. बिल कालच्यापेक्षा तीस रुपयांनी कमी, व्हॅट धरून तेहतीस.

निघताना त्या पोराला बाथरूम कुठे म्हणून विचारलं.

"लेडीजचं वर आहे मॅडम," तो म्हणाला. "फॅमिलीत."