‘शाळकरी पोरालाही कळतं’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. तारकर्ली रस्त्यावरचं धावणं आणि व्हीओटू मॅक्स (शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा) या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. लेख लांबला हे मान्य, दोन परिच्छेद कमी चालले असते. पण तुम्ही लिहिता, ‘दम लागतो तो फुफ्फुसं कमी पडतात म्हणून, हे शाळकरी पोरालाही कळतं. घड्याळं बांधून फिरणाऱ्यांनी जरा रापणकरांकडे बघावं.’ (रापणकर म्हणजे किनाऱ्यावरून दोर ओढून मासेमारीचं मोठं जाळं खेचणारे.) मतभेद असू द्यात, पण हा सूर कशासाठी? टोपणनाव घेतलं की माणसाची जीभ जरा जास्तच सैल सुटते, असं दिसतं.

आता ते शाळकरी पोर. ए. व्ही. हिल आणि हार्टली लप्टन या शरीरशास्त्रज्ञांनी १९२३ साली मांडलं की वेग वाढवत नेला तरी एका टप्प्यानंतर शरीर घेत असलेला ऑक्सिजन वाढत नाही. हिल स्वतः पाठीला पिशवी बांधून, उच्छ्वास तिच्यात गोळा करत धावले होते. तो आकडा अडतो कुठे, हा खरा प्रश्न आहे. निरोगी माणूस समुद्रसपाटीवर पार थकेपर्यंत धावला तरी त्याच्या फुफ्फुसांतून निघणारं रक्त ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेलंच असतं. म्हणजे फुफ्फुसांनी आपलं काम चोख केलेलं असतं. कमी पडतं ते हृदय. मिनिटाला ते किती रक्त पुढे ढकलू शकतं याला मर्यादा आहे. बसल्या जागी साधारण ५ लिटर, सर्वसाधारण तरुण जोरात धावताना २० च्या आसपास, आणि अव्वल धावपटू ३५ च्या पुढे. स्वीडनमध्ये ब्योर्न एकब्लोम आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली काही जणांचं रक्त काढून ठेवलं आणि काही आठवड्यांनी त्यांच्या तांबड्या पेशी त्यांनाच परत चढवल्या. कमाल ऑक्सिजन लगेच वाढला. फुफ्फुसं तीच होती हो!

मग धाप कसली? रक्तात कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढली की मेंदू श्वास वाढवायला लावतो. तुम्हाला जे जाणवतं ते हे. काही अव्वल खेळाडूंमध्ये रक्त फुफ्फुसांतून इतक्या वेगाने धावतं की पुरतं भरत नाही, तिथे तुमचं म्हणणं लागू पडतं. आजारी माणसांत आणि उंच पहाडावरही. तुम्ही त्या अव्वल खेळाडूंपैकी असाल तर अभिनंदन.

मी स्वतः मुंबईत मास्क लावून व्हीओटू मॅक्सची चाचणी दिली आहे. ट्रेडमिलचा चढ वाढवत नेतात, शेवटी पाय ऐकेनात आणि मी दांडा धरून लटकलो. बोटावरचा ऑक्सिमीटर तेव्हाही ९६ दाखवत होता. तुम्ही कधी दिली आहे?

आणि रापणीचं मला सांगू नका. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर वाढलोय, शाळा बुडवून दोर ओढलाय. टाच वाळूत रुतवून, अंग मागे टाकून ओलं दोरखंड खेचताना आधी मनगटं जातात, बोटं उघडत नाहीत. माणसं ओढता ओढता एकमेकांच्या सासुरवाडीची चेष्टा करत असतात, म्हणजे दम शाबूत असतो. तिथे आधी स्नायू थकतो, हृदयापर्यंत गोष्ट जातच नाही. काय अडवतं ते काम कुठलं यावर ठरतं, हे मी लेखात लिहिलं होतं. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. ‘आकडा मोठा म्हणजे माणूस जिंकतो का?’ नाही, आणि तसं मी म्हटलेलंही नाही. धावपटू डेरेक क्लेटनचा व्हीओटू मॅक्स दर किलो वजनामागे मिनिटाला ६९.७ मिलिलिटर होता, अव्वल धावपटूंत फार मोठा नव्हे, तरी १९६९ साली त्याने २:०८:३४ असा मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला. कमी ऑक्सिजनवर जास्त वेग टिकवायची हातोटी. मनगटावरचं घड्याळ या आकड्याचा अंदाज बांधतं, मोजत नाही, आणि मे महिन्याच्या उकाड्यात नाडी चढली की आकडा खाली दाखवतं, हेही खरं. त्यावर पुन्हा कधीतरी.

प्राणायाम मीही करतो. पण प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही दिलेली प्राणायाम शिबिराच्या फीची लिंक काढली आहे. इथे जाहिरात चालत नाही.